ग्रीन कार्ड मिळाले, आता आरोग्याचे काय? सांगलीहून न्यू जर्सीला येताना

निवृत्तीनंतर मुलांकडे अमेरिकेत कायमचे राहायला जाणाऱ्या आईवडिलांना व्हिसाच्या कागदपत्रांविषयी हवी तेवढी माहिती मिळते. परंतु तिथे पोहोचल्यावर आजारपणाचा खर्च कोण उचलणार, विमा केव्हा मिळणार आणि कोणत्या आधारावर मिळणार, हे प्रश्न बहुतेक घरांत ‘मुले बघतील’ एवढ्यावर सोडून दिले जातात. आमच्या घरी आम्ही ते तसे सोडायचे नाही असे ठरवले होते. माझे यजमान पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, मधुमेही, आणि २०१७ मध्ये मिरजेला त्यांच्या हृदयवाहिनीत स्टेंट बसवलेला. मी राष्ट्रीयीकृत बँकेतून २०२१ मध्ये निवृत्त झाले. मला थायरॉइड आणि रक्तदाब दोन्ही आहेत. अशा दोन माणसांनी साठी उलटल्यावर देश बदलायचा, तर विमा हा प्रवासाच्या तयारीतला शेवटचा नव्हे, पहिला विषय असायला हवा, असे माझे ठाम मत आहे. म्हणून सुरुवातीपासून आजपर्यंतचा सगळा क्रम येथे लिहून ठेवत आहे.

आमची मुलगी अमेरिकेची नागरिक झाल्यावर जानेवारी २०२२ मध्ये तिने आमच्यासाठी आय-१३० हे नातेवाइकांसाठीचे अर्ज भरले. आईसाठी एक आणि वडिलांसाठी एक, असे दोन स्वतंत्र अर्ज लागतात. एकाच अर्जात दोघे बसत नाहीत. तेव्हा प्रत्येकी शुल्क ५३५ डॉलर होते, एप्रिल २०२४ पासून ते वाढले आहे. मंजुरी येण्यास वर्षाहून अधिक काळ गेला. त्यानंतर नॅशनल व्हिसा सेंटरचे शुल्क, डीएस-२६० हा व्हिसाचा अर्ज, मुलीचे आय-८६४ हे हमीपत्र, पासपोर्ट कार्यालयाकडून पोलीस दाखला, यजमानांच्या जन्माची नोंद गावी नसल्यामुळे ग्रामपंचायतीचा तसा दाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला, हे सगळे २०२३ च्या उन्हाळ्यापर्यंत चालले. डीएस-२६० भरताना सोशल सिक्युरिटी क्रमांक (आपल्या आधार-पॅनसारखा) हवा आहे का, असा एक प्रश्न असतो. त्याला ‘होय’ असे उत्तर द्यावे, म्हणजे पोहोचल्यावर वेगळा अर्ज न करता ते कार्ड टपालाने घरी येते. पुढे विम्याच्या अर्जात त्याचा फार उपयोग होतो.

ही वाट पाहण्याची वर्षे आम्ही दवाखान्यांसाठी वापरली आणि तो निर्णय योग्य ठरला. अमेरिकेत प्रौढांच्या सर्वसाधारण आरोग्य विम्यात दातांचा खर्च सहसा धरलेला नसतो, त्यामुळे दोघांच्या दातांची राहिलेली सगळी कामे सांगलीतच उरकली. यजमानांच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन करून घेतले. दोघांचे चष्म्याचे नंबर तपासून प्रत्येकी एक जादा चष्मा करून घेतला. हृदयरोगतज्ज्ञांकडून अँजिओप्लास्टीचा संपूर्ण अहवाल, स्टेंटचा प्रकार आणि आकार लिहिलेले कार्ड, आणि अलीकडचा टू-डी इको, अशी एक फाइल तयार केली. तिच्या प्रती छापील आणि मोबाइलमध्ये, अशा दोन्ही स्वरूपांत ठेवल्या.

नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबईच्या वकिलातीतील मुलाखतीचे पत्र आले. तारीख १० जानेवारी २०२४. मुलाखतीआधी वकिलातीने नेमलेल्या वैद्यकीय केंद्रातच तपासणी करून घ्यावी लागते. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांचा दाखला चालत नाही. आम्ही महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी मुंबईला उतरलो. तपासणी म्हणजे उंची, वजन, रक्तदाब, जुन्या आजारांची चौकशी, छातीचा एक्स-रे आणि वयानुसार लशी. माझ्या यजमानांचा जन्म १९५६ चा. १९५७ पूर्वी जन्मलेल्यांना गोवर-गालगुंड-रुबेलाची लस लागत नाही, ती मला मात्र घ्यावी लागली. पासष्टीच्या पुढे न्यूमोनियाची लस लागते, ती त्यांना घ्यावी लागली. धनुर्वाताची आणि त्या हंगामात फ्लूची लस दोघांनाही होती. कोविडची लस त्या वेळी सक्तीची होती; ती अट २०२५ मध्ये काढण्यात आली. लशी आधी घेतल्या असतील तर त्यांचे तारखेसह दाखले सोबत न्यावेत, म्हणजे तीच लस पुन्हा टोचली जात नाही आणि पैसेही वाचतात. लशींसह आमचा दोघांचा खर्च पंचवीस हजार रुपयांच्या घरात गेला.

खरी परीक्षा एक्स-रेच्या खोलीबाहेर सुरू झाली. यजमानांना १९८९ मध्ये क्षयरोग झाला होता. पूर्ण औषधोपचार घेऊन ते बरे झाले होते, परंतु उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात जुना व्रण राहिला होता आणि तो चित्रात दिसला. त्यांच्या उपचाराचे कागद आणि त्या वेळची एक्स-रेची काळी फिल्म आम्ही तपकिरी पाकिटात जपून ठेवली होती. त्या पाकिटाच्या कडा विरल्या होत्या, पण वरची तारीख आणि रुग्णालयाचा शिक्का स्पष्ट वाचता येत होता. तिथल्या डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरून नव्या चित्राशी ताडून पाहिली आणि व्रण जुनाच दिसतो असे सौम्यपणे सांगितले. तरीही नियमाप्रमाणे थुंकीची तपासणी टळत नाही. लागोपाठच्या तीन दिवशी पहाटे उपाशीपोटी केंद्रात जाऊन, तिथल्या कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली नमुना द्यावा लागतो. नंतर प्रयोगशाळेत जंतू वाढतात का हे पाहण्यासाठी आठ आठवडे थांबावे लागते. ही तपासणी घाईने उरकण्याचा कोणताही मार्ग नाही.

ते आठ आठवडे फार जड गेले. पस्तीस वर्षांपूर्वी बऱ्या झालेल्या आजाराविषयी नातेवाइकांना सांगावे की नाही, या विचारातच यजमान गप्प होऊन गेले होते. क्षयरोग आपल्याकडे घराघरांत होऊन गेला आहे, आणि तरीही त्याचे नाव घ्यायला माणसे कचरतात. माझी सगळ्यांना कळकळीची विनंती आहे की घरात कोणाला पूर्वी क्षयरोग झाला असेल, तर ती गोष्ट तपासणीत लपवू नये, जुने कागद शोधून ठेवावेत, आणि विमानाची तिकिटे व्हिसा हातात येईपर्यंत काढू नयेत. १० जानेवारीला मुलाखत झाली. अधिकाऱ्यांचे प्रश्न मोजकेच होते, आणि वैद्यकीय अहवाल बाकी असल्याची चिठ्ठी देऊन आम्हाला परत पाठवण्यात आले. जानेवारीच्या अखेरीस अहवाल निर्दोष आला आणि फेब्रुवारीत व्हिसा लागलेले पासपोर्ट मिळाले. अशा प्रकरणी वैद्यकीय अहवालाची मुदत नेहमीच्या सहा महिन्यांऐवजी तीन महिनेच असते आणि व्हिसाही तेवढ्याच मुदतीचा मिळतो, त्यामुळे आवराआवरीला फार दिवस हाती नव्हते.

त्या दिवसांत औषधे आणि मधल्या काळाचा विमा, या दोन गोष्टींकडे मी सर्वाधिक लक्ष दिले. औषधे जास्तीत जास्त तीन महिन्यांची, मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी औषधाचे मूळ नाव आणि मिलिग्रॅम लिहून घ्यावे, कारण आपल्याकडची नावे तिथल्या डॉक्टरांना कळत नाहीत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे काही औषधे अमेरिकेत मिळतच नाहीत. यजमान घेत असलेली व्हिल्डाग्लिप्टिन ही मधुमेहाची गोळी तिथे मंजूर नाही. आपल्याकडे अनेकांना दिली जाणारी ग्लिक्लाझाइड आणि टेनेलिग्लिप्टिनही तिथे नाहीत. आमच्या डॉक्टरांनी निघण्यापूर्वीच पर्यायी गोळी सुरू करून, साखर स्थिर झाल्याचे पाहूनच आम्हाला मोकळे केले. नव्या देशात, नव्या डॉक्टरांकडे, संपत आलेल्या गोळ्यांसह औषध बदलण्याची वेळ त्यामुळे आली नाही.

मधल्या काळाच्या विम्याविषयी सविस्तर सांगते, कारण पुष्कळ कुटुंबे येथेच उघडी पडतात. पासष्टी ओलांडलेल्या माणसाचा खर्च अमेरिकी सरकार करते, अशी समजूत आपल्याकडे सर्रास आढळते. ती मेडिकेअर योजना तिथे नोकरी करून कर भरलेल्यांसाठी आहे. नव्याने आलेल्या ग्रीन कार्डधारकाला पासष्टीनंतरही सलग पाच वर्षे वास्तव्य झाल्यावरच, आणि तेही हप्ता भरून, तिच्यात प्रवेश मिळतो. गरिबांसाठीची मेडिकेड ही योजनाही बहुतेक प्रौढ ग्रीन कार्डधारकांना पहिली पाच वर्षे मिळत नाही. उरतो तो २०१० च्या कायद्याने उभारलेल्या विमा बाजाराचा मार्ग, म्हणजे सरकारी संकेतस्थळावरून खासगी कंपन्यांची योजना निवडण्याचा. अमेरिकेत नव्याने राहायला आलेल्यास त्यात नोंदणी करण्यासाठी आल्यापासून साठ दिवसांची खास मुदत मिळते आणि योजना निवडल्यानंतरच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून संरक्षण सुरू होते. ही साठ दिवसांची मुदत चुकली, तर नोव्हेंबरमध्ये सुरू होणाऱ्या वार्षिक नोंदणीपर्यंत थांबावे लागते आणि विमा थेट जानेवारीत सुरू होतो.

म्हणजे उतरल्या दिवसापासून ती पहिली तारीख उजाडेपर्यंत वेगळा विमा हवाच. प्रवास विमा घेताना आम्ही दोन गोष्टी तपासल्या. परतीचे तिकीट नसलेल्या आणि कायमच्या राहायला जाणाऱ्या माणसाला ती पॉलिसी लागू आहे का, हे पहिले, कारण पुष्कळ भारतीय प्रवास पॉलिसी परत येणाऱ्या प्रवाशासाठीच असतात. आधीपासूनच्या आजाराचा अचानक झटका आल्यास ती किती खर्च देते, हे दुसरे. काही योजनांत हे संरक्षण सत्तरीच्या आसपास थांबते. शेवटी मुलीने अमेरिकेतील एक योजना घेतली. दोघांचे मिळून सुमारे सहाशे डॉलर लागले. तिच्यात मधुमेहाची नियमित तपासणी बसत नव्हती, परंतु हृदयविकाराचा अचानक झटका बसत होता, आणि आम्हाला नेमके तेवढेच हवे होते.

भारतातला विमा ठेवायचा की सोडायचा, यावर घरी बराच खल झाला. मला बँकेच्या निवृत्तांसाठीची सामूहिक योजना आहे. तिचे नूतनीकरण दरवर्षी १ नोव्हेंबरला होते आणि ती भारतातील उपचारांपुरतीच चालते. एकदा बाहेर पडलेल्याला पुन्हा प्रवेश मिळत नाही असे आम्हाला सांगण्यात आले, म्हणून हप्ता जड वाटूनही आम्ही ती चालू ठेवली. उद्या तब्येतीमुळे किंवा मनामुळे परतावे लागले, तर सत्तरीला नवी पॉलिसी घेऊन जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबण्याची वेळ येऊ नये, हा विचार त्यामागे होता. अमेरिकेत गेलेल्या आईवडिलांनी निदान पहिली दोन वर्षे तरी भारतातला विमा मोडू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

९ मार्च २०२४ रोजी आम्ही न्यूअर्कला उतरलो. निघण्यापूर्वी ग्रीन कार्डाचे प्रत्येकी २२० डॉलर ऑनलाइन भरले होते. कार्ड घरी यायला काही आठवडे लागतात; परंतु त्यासाठी विम्याचा अर्ज अडवून ठेवण्याची गरज नसते. पासपोर्टवरील स्थलांतरितांच्या व्हिसावर विमानतळावरचा शिक्का पडला, की त्याच पानावर छापलेल्या मजकुरानुसार ते पान एक वर्षापर्यंत कायम वास्तव्याचा पुरावा ठरते. तो शिक्का पुसट उमटला नाही ना आणि तारीख वाचता येते ना, हे खिडकीजवळच पाहून घ्यावे. त्या एका पानाच्या छायाचित्रावर आमचे पुढचे सगळे काम झाले.

यजमानांच्या जुन्या व्रणाची नोंद आमच्या आधीच इकडे पोहोचली होती. थोड्याच दिवसांत स्थानिक आरोग्य विभागातून फोन आला आणि त्यांच्या छातीच्या दवाखान्यात तपासणीसाठी वेळ देण्यात आली. मनात धाकधूक होती. परंतु तिथल्या परिचारिकेने अतिशय आदराने वागवले, नवा एक्स-रे काढला, आणि पुढे उपचारांची गरज नसल्याचे लेखी दिले. या तपासणीचे आमच्याकडून काहीही पैसे घेतले नाहीत. असा फोन आला तर घाबरून टाळू नये. नव्या देशातील आरोग्यव्यवस्थेशी आमची पहिली भेट याच दवाखान्यात झाली आणि ती चांगली झाली.

एप्रिलच्या सुरुवातीला सोशल सिक्युरिटी कार्डे आली आणि आम्ही राज्याच्या विमा बाजाराच्या संकेतस्थळावर अर्ज भरायला बसलो. विमा बाजाराच्या वतीने नेमलेले प्रशिक्षित साहाय्यक असतात, ते कोणतेही शुल्क घेत नाहीत. अशा एका साहाय्यिकेने दोन तास शेजारी बसून अर्ज भरून घेतला. अर्जात नाव, जन्मतारीख, पत्ता, वास्तव्याचा दर्जा, कुटुंबातील माणसे आणि वर्षाचे अपेक्षित उत्पन्न विचारले होते. मी आजारांच्या रकान्याची वाट पाहत होते. मांडीवर स्टेंटची फाइल उघडी होती. तो रकाना आलाच नाही. जानेवारी २०१४ पासून आधीच्या आजारामुळे विमा नाकारता येत नाही आणि हप्ताही वाढवता येत नाही, हे मी वाचले होते. परंतु सदुसष्ट वर्षांच्या, स्टेंट असलेल्या मधुमेही माणसाचा अर्ज एकही वैद्यकीय प्रश्न न विचारता पुढे सरकताना पाहिला, तेव्हा माझे डोळे भरून आले. सांगलीत खासगी मेडिक्लेमसाठी आम्ही केलेल्या धावपळीची आणि मिळालेल्या नकारांची ती आठवण होती.

उत्पन्नाचा रकाना मात्र नीट समजून भरावा लागतो. ग्रीन कार्ड मिळाल्यावर जगभरचे उत्पन्न धरले जाते, त्यामुळे आमच्या दोन्ही पेन्शन आणि ठेवींचे व्याज मिळून वर्षाचा आकडा बावीस हजार डॉलरच्या आसपास आला. २०२४ च्या विम्यासाठी दोन माणसांच्या कुटुंबाची दारिद्र्यरेषा १९,७२० डॉलर धरली होती. म्हणजे आम्ही तिच्या किंचित वर होतो. दारिद्र्यरेषेच्या दीडपटीच्या आत उत्पन्न असणाऱ्यांना तेव्हा सिल्व्हर या मधल्या वर्गातील प्रमाण योजनेचा (जिच्या हप्त्यावरून मदत ठरते तिचा) जवळजवळ सगळा हप्ता सरकारी मदतीतून जात असे, आणि त्याच वर्गात स्वतःच्या खिशातून जाणाऱ्या खर्चाची मर्यादाही बरीच खाली येई. २०२४ मध्ये सर्वसाधारण मर्यादा एका व्यक्तीस ९,४५० डॉलर होती. आमच्या उत्पन्नगटात ती ३,१५० डॉलरपेक्षा जास्त असू शकत नव्हती. मदत नसती तर आमच्या वयाच्या दोघांचा मूळ हप्ता महिन्याला दोन हजार डॉलरच्या वर जात होता. स्वस्त दिसणाऱ्या ब्रॉन्झ योजनेचा मोह येथे टाळावा, कारण खर्चाच्या मर्यादेतील ही सवलत सिल्व्हर वर्गातच मिळते.

दुसरी महत्त्वाची गोष्ट कराची. मुलीने आपल्या करविवरणात आम्हाला तिच्यावर अवलंबून असलेले दाखवले, तर कुटुंबाचे उत्पन्न म्हणून तिचे आणि जावयांचे उत्पन्न धरले जाते आणि आमची मदत बहुधा संपूनच जाते. आम्ही दोघांनी मिळून संयुक्त विवरण स्वतंत्रपणे भरायचे ठरवले. विवाहित जोडप्याला या मदतीसाठी संयुक्त विवरण सहसा आवश्यकच असते. हा निर्णय अर्जाच्या आधी, करसल्लागाराशी बोलूनच घ्यावा. पुढच्या जानेवारीत १०९५-ए नावाचा फॉर्म येतो. तो सांभाळून ठेवावा, कारण घेतलेल्या मदतीचा हिशेब विवरणासोबत ८९६२ या फॉर्मवर द्यावा लागतो.

योजना निवडण्यापूर्वी आम्ही तिच्या यादीत जवळचे रुग्णालय, हृदयरोगतज्ज्ञ आणि आमची औषधे आहेत का, हे एकेक करून पाहिले. १ मे २०२४ पासून विमा सुरू झाला. पहिला हप्ता भरल्याशिवाय विमा लागू होत नाही, मग तो कितीही लहान असो. रक्कम शून्य दिसत असेल तरीही कंपनीला फोन करून खात्री करून घ्यावी.

डॉक्टरांची वेळ मिळणे हा निराळा धडा होता. सांगलीत सकाळी नंबर लावून दुपारी डॉक्टर भेटत. येथे नव्या रुग्णाला कुटुंबाच्या डॉक्टरांकडे काही आठवड्यांनी आणि हृदयरोगतज्ज्ञांकडे त्याहून उशिरा वेळ मिळाली. म्हणून विम्याचे कार्ड येण्याची वाट न पाहता, सुरू होण्याची तारीख कळताच फोन करून वेळ घ्यावी. तीन महिन्यांच्या गोळ्यांचे गणित येथेच जुळते. मार्चमध्ये आणलेली औषधे जूनच्या सुरुवातीपर्यंत पुरली आणि आमची पहिली भेट मेच्या अखेरीस झाली. वार्षिक तपासणी, लशी आणि ठरावीक कर्करोग तपासण्यांना पैसे लागत नाहीत. परंतु त्याच भेटीत गुडघेदुखीचा विषय काढला, तर तो भाग वेगळा धरून पैसे लागू शकतात. रक्ततपासणीची चिठ्ठी मिळाल्यावर ती प्रयोगशाळा आपल्या योजनेच्या जाळ्यातील (विमा कंपनीशी करार असलेली) आहे का, हे प्रत्येक वेळी विचारावे.

जानेवारी २०२५ मधील एका पहाटे यजमानांना छातीत जडपणा वाटू लागला. ९११ या तातडीच्या मदतीच्या क्रमांकाला फोन केल्यावर काही मिनिटांत रुग्णवाहिका आली. रुग्णालयात ईसीजी आणि रक्ताची तपासणी ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा झाली. त्यांना कामापुरते इंग्रजी येते, परंतु दुखणे कसे आहे हे त्यांना धड सांगता येईना. तेव्हा परिचारिकेने भाषा विचारली आणि थोड्याच वेळात फोनवर मराठी दुभाषी हजर झाल्या. ‘कोणीतरी छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटलं, पण आता उतरलंय’ हे वाक्य यजमानांनी आपल्या भाषेत सांगितले आणि डॉक्टरांना ते जसेच्या तसे कळले. सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयांना अशी सोय विनामूल्य द्यावी लागते. आपल्या आईवडिलांना ही गोष्ट आधीच सांगून ठेवा, म्हणजे मुले कामावर असताना ते बोलायला बिचकणार नाहीत. एक रात्र देखरेखीखाली ठेवून त्यांना घरी सोडले. हृदयाला इजा झालेली नव्हती.

नंतर टपालाने कागद येऊ लागले. पहिला कागद विमा कंपनीचा. त्याच्या वरच्या कोपऱ्यात ‘हे बिल नाही’ असे ठळक छापलेले असते. खाली चार रकाने असतात: रुग्णालयाने लावलेली रक्कम, कंपनीला मान्य असलेली रक्कम, कंपनीने दिलेली रक्कम आणि आपला वाटा. पहिल्या रकान्यात अठरा हजार डॉलरच्या वरचा आकडा पाहून माझे हात थंड पडले होते. शेवटच्या रकान्यात काहीशे डॉलर होते आणि आपल्याला फक्त तेवढेच द्यायचे असतात. त्या कागदावर कधीही पैसे पाठवू नयेत; रुग्णालयाचे खरे बिल आल्यावर दोन्ही कागद शेजारी ठेवून आकडे जुळतात का ते पाहावे. आमच्याकडे पुढे एका डॉक्टरांच्या गटाचे वेगळे, मोठ्या रकमेचे बिल आले, कारण ते योजनेच्या जाळ्याबाहेरचे होते. जानेवारी २०२२ पासून लागू असलेल्या केंद्रीय कायद्यानुसार तातडीच्या उपचारांत असा वाढीव आकार रुग्णाकडून घेता येत नाही. बँकेत इतकी वर्षे खातेदारांच्या तक्रारी लिहून घेतल्याची सवय येथे कामी आली. विमा कंपनीला फोन केला, बोलणाऱ्याचे नाव, तारीख आणि तक्रार क्रमांक वहीत टिपून घेतला. काही आठवड्यांनी ते बिल मागे घेण्यात आले. रस्त्यावरून धावणाऱ्या रुग्णवाहिकेला मात्र हा केंद्रीय कायदा लागू नाही, त्यामुळे तिच्या बिलासाठी मनाची तयारी ठेवावी.

आता २०२६ चे. २०२१ पासून हप्त्यासाठी मिळणारी वाढीव मदत २०२५ अखेर संपली आहे. आमच्या उत्पन्नगटाला आता प्रमाण योजनेसाठी उत्पन्नाच्या २.१० टक्के वाटा उचलावा लागतो. आमच्या बाबतीत तो महिन्याला चाळीस डॉलरच्या आत येतो. याहून गंभीर बदल दुसरा आहे. मेडिकेडसाठीची पाच वर्षे पूर्ण न झालेल्या कायदेशीर स्थलांतरितांना आतापर्यंत दारिद्र्यरेषेखालील उत्पन्न असले तरी ही मदत मिळत होती; जुलै २०२५ च्या कायद्याने ती २०२६ पासून बंद केली. २०२६ च्या विम्यासाठी दोन माणसांची ही रेषा २१,१५० डॉलर धरली आहे. आमचे उत्पन्न रुपयांत आहे. २०२४ मध्ये त्र्याऐंशीच्या आसपास असलेला डॉलर २०२५ च्या अखेरीस नव्वदीला टेकला, त्यामुळे तेवढ्याच पेन्शनचे डॉलर कमी झाले. महागाई भत्त्यातील वाढ आणि ठेवींचे व्याज धरून आम्ही रेषेच्या थोडे वर आहोत. एकट्या पेन्शनवर आलेल्या आईवडिलांनी हा हिशेब विनिमय दरासह अर्जापूर्वीच मांडून पाहावा, आणि बँकेचे व्याजाचे दाखले व पेन्शनच्या पावत्या पुरावा म्हणून तयार ठेवाव्यात. अंदाज चुकून जास्त मदत घेतली गेली, तर २०२६ पासून ती परत करण्यावर कोणतीही कमाल मर्यादा राहिलेली नाही.

२०२६ च्या विम्यासाठी न्यू जर्सीत वार्षिक नोंदणी १ नोव्हेंबरपासून ३१ जानेवारीपर्यंत होती. १ जानेवारीपासून विमा हवा असेल तर ३१ डिसेंबरपर्यंत योजना निवडावी लागत होती. गेल्या वर्षीची योजना आपोआप पुढे चालू राहते म्हणून स्वस्थ बसू नये, कारण हप्ते आणि डॉक्टरांची यादी दोन्ही बदलतात. आम्ही डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा सगळी यादी तपासली, यजमानांचे हृदयरोगतज्ज्ञ यादीत कायम असल्याचे पाहिले आणि तीच योजना ठेवली.

मार्च २०२९ मध्ये आमची पाच वर्षे पूर्ण होतील आणि तोवर दोघेही पासष्टीच्या पुढे असू. मेडिकेअरच्या नोंदणीची खिडकी त्याच्या तीन महिने आधी उघडते आणि तीन महिने नंतर बंद होते. उशीर केला तर हप्त्यावर दंड बसतो. तिथे नोकरी न केलेल्यांना रुग्णालयाच्या भागासाठी २०२६ च्या दराने महिन्याला ५६५ डॉलर आणि डॉक्टरांच्या भागासाठी २०२.९० डॉलर माणशी पडतात, म्हणजे आमच्या दोघांच्या पेन्शनला न पेलणारी रक्कम. तोवर मुलीबरोबर बसून विमा बाजार आणि मेडिकेअर यांची तुलना करायची आहे. पाच वर्षांचे वास्तव्य सलग असावे लागते, म्हणून सांगलीच्या फेऱ्या आम्ही सहा महिन्यांच्या बरेच आत ठेवतो आणि प्रत्येक जाण्यायेण्याची तारीख विम्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहितो.